रंगवलेले शब्द वाचता का येत नाहीत?

प्रश्न : माझी मुलगी साडेपाच वर्षांची आहे. इंग्रजीतले साइट वर्ड्स, म्हणजे वारंवार येणारे आणि पाहताक्षणी ओळखता यावेत असे शब्द, तिच्या ओळखीचे व्हावेत म्हणून गेले दोन महिने मी तिच्याकडून 'शब्द पाहून रंग भरा' अशी वर्कशीट्स करून घेते. ती ती आवडीने आणि एकही चूक न करता पूर्ण करते. मात्र तेच शब्द गोष्टीच्या पुस्तकात आले की ती अडते. माझे कुठे चुकते आहे?
— एक आई

उत्तर : आपली मेहनत वाया गेलेली नाही, अडचण त्या वर्कशीटच्या रचनेत आहे. एकदा अशीच एक मुलगी फुलपाखरू रंगवत असताना मी तिच्या शेजारी बसले होते. पानाच्या वर चार शब्दांची यादी होती आणि प्रत्येक शब्दापुढे एक रंग दिलेला होता. डाव्या हाताचे बोट यादीवर ठेवून आणि उजव्या हातात खडू धरून ती पंखातल्या शब्दाचे फक्त पहिले अक्षर पाहत होती, कारण चारही शब्दांची पहिली अक्षरे वेगवेगळी असल्यामुळे पुढे पाहण्याची तिला गरजच पडत नव्हती. मी यादीवर तळहात ठेवला आणि पंखातल्या 'वॉज' या शब्दावर बोट ठेवून विचारले, "हे काय लिहिले आहे?" क्षणभर विचार करून ती म्हणाली, "निळा."

तिच्या दृष्टीने ते उत्तर अगदी बरोबर होते. शब्दाची जोडी तिने रंगाशी लावली होती. ती उच्चाराशी लावावी असे त्या पानाने तिला सांगितलेच नव्हते. मुलाचे लक्ष जिथे असते तेच त्याच्या लक्षात राहते, आणि आपल्या मुलीचे लक्षही बहुधा रंग जुळवण्यावर आहे.

साइट वर्ड म्हणजे चित्रासारखा डोळ्यांत साठवलेला शब्द, हा समज फार पसरलेला आहे, पण तो खरा नाही. लिनिया एरी यांच्यासारख्या वाचनाच्या अभ्यासकांनी अनेक वर्षांच्या कामातून दाखवले आहे की, शब्दातली अक्षरे आणि त्याच्या उच्चारातले ध्वनी यांची गाठ मनात पक्की बसली की तो शब्द पाहताक्षणी ओळखता येतो. म्हणून रंगाचा उपयोग करायचाच असेल तर तो ही गाठ बांधण्यासाठी करावा.

त्यासाठी 'वॉन्ट' हा शब्द घ्या. एका कागदावर तो मोठ्या, आतून पोकळ अक्षरांत काढा. मुलीला आधी तो शब्द म्हणू द्या आणि त्यातले चार ध्वनी बोटांवर मोजू द्या : व, ऑ, न, ट. मग प्रत्येक अक्षरावर बोट ठेवून त्याचा ध्वनी शोधायला सांगा. डब्ल्यू, एन आणि टी ही तीन अक्षरे नेहमीसारखीच वागतात; 'कॅट'मध्ये 'अ‍ॅ' म्हणणारा ए मात्र इथे 'ऑ' म्हणतो. हे तिला सापडले की तेवढेच एक अक्षर तिच्या आवडीच्या रंगाने रंगवू द्या आणि बाकीची अक्षरे कोरीच राहू द्या. शेवटी कागद उलटा करून तो शब्द आठवून लिहायला सांगा आणि लगेच एखाद्या छोट्या वाक्यात वाचायला द्या. या सगळ्याला पाच मिनिटे लागतात, पण त्या पाच मिनिटांत शब्दातले प्रत्येक अक्षर तिच्या नजरेखालून जाते.

घरात उरलेली वर्कशीट्स टाकून देऊ नका. वरची यादी घडी घालून मागे दुमडा आणि कोणत्या शब्दाला कोणता रंग हे, शब्द मोठ्याने वाचून झाल्यावर, आपण स्वतः सांगा. नवे पान तयार करताना 'वॉज', 'वॉन्ट', 'वेन्ट', 'विथ' असे एकाच अक्षराने सुरू होणारे शब्द एकत्र घ्या, म्हणजे पहिल्या अक्षरावर भागवता येणार नाही.

रंगांची नावे शिकवताना मात्र विशेष जपा. 'रेड' हा शब्द लाल शाईत लिहिलेला असला की मूल शाई पाहून उत्तर देते आणि अक्षरांकडे बघतही नाही. तोच शब्द निळ्या शाईत लिहून शाईचा रंग विचारला तर वाचता येणारेही गोंधळतात. शाईचा रंग सांगताना शब्द आड येतो, हे मानसशास्त्रज्ञ जॉन रिडली स्ट्रूप यांनी १९३५ मध्ये प्रयोगाने दाखवले होते. रंगांची नावे नेहमी काळ्या अक्षरांत द्यावीत आणि ती वाचून मुलाने योग्य खडू उचलावा. माझ्या मते रंगकामातून शिकवण्याजोगे सर्वांत नैसर्गिक शब्द हेच आहेत, कारण इथे रंग हाच शब्दाचा अर्थ असतो.

प्रश्न : मी लहान मुलांना शिकवते. साइट वर्ड्सची २२० शब्दांची पूर्ण यादी वर्षभरात रंगवून घ्यावी, अशी पालकांची अपेक्षा असते. ती योग्य आहे का?
— एक शिक्षिका

उत्तर : ही यादी अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ एडवर्ड डॉल्च यांनी १९३६ मध्ये प्रसिद्ध केली. मुलांच्या पुस्तकांत पुन्हापुन्हा येणारे शब्द त्यांनी निवडले आणि ९५ नामांची यादी वेगळी ठेवली. यादी उपयोगाची आहे, परंतु तिच्यातला प्रत्येक शब्द रंगवून घेण्याची मुळीच गरज नाही. 'कॅन', 'इट', 'अप', 'डिड', 'गेट' हे शब्द अक्षरांचे ध्वनी येणाऱ्या मुलाला जोडून वाचता येतात. ते त्याला जोडूनच वाचू द्यावेत. खडू राखून ठेवावा तो वाकड्या, म्हणजे ज्यांतले एखादे अक्षर नेहमीसारखे वागत नाही अशा शब्दांसाठी.

तेही सुटे सुटे न देता गटाने द्यावेत. 'वॉज', 'वॉन्ट', 'वॉट', 'वॉश' हे चारही शब्द डॉल्च यांच्या यादीत आहेत आणि चारही शब्दांत ए 'ऑ' म्हणतो. ते एकाखाली एक लिहून प्रत्येकातला ए एकाच रंगाने रंगवला की, अपवाद वाटणाऱ्या शब्दांतही एक रीत आहे, हे मुलांना स्वतःच दिसते, आणि त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर येणारा आनंद पाहण्यासारखा असतो. 'हिअर', 'देअर', 'वेअर' यांच्या शेवटची सारखी तीन अक्षरे (ई, आर, ई) याच पद्धतीने दाखवता येतील. आठवड्याला दोन-तीन नवे शब्द आणि रोज थोडे जुने, एवढा वेग पुरतो. पालकांना 'किती शब्द झाले' यापेक्षा, मुलाने आज पुस्तकात कोणते शब्द न अडखळता वाचले, ते सांगत जा.

एक काळजी घ्यावी. लाल आणि हिरव्यातला फरक न दिसणारी मुले वर्गात असू शकतात, आणि मुलींपेक्षा मुलग्यांत हे प्रमाण बरेच जास्त आहे. खुणेसाठी हे दोन रंग जोडीने वापरू नयेत, आणि एखादे मूल सतत हेच दोन रंग चुकत असेल तर डोळ्यांची तपासणी सुचवावी.

प्रश्न : माझा साडेचार वर्षांचा मुलगा रंगवायला बसवले की खडू फेकतो. त्याचे वाचन मागे पडेल का?
— एक वडील

उत्तर : नाही. रंगवणे हा एक मार्ग आहे, अट नव्हे. या वयात पुष्कळ मुलांची बोटे बारीक कामाला तयार नसतात आणि चौकटीत रंग भरताना हात दुखतो. सध्या खडू बाजूला ठेवा आणि 'मासा'मधला पहिला आवाज कोणता, 'दार'चा शेवटचा कोणता, असे आवाजांचे खेळ तोंडी खेळा. इंग्रजी गोष्ट वाचून दाखवताना 'द' (the) हा शब्द आला की त्याने टाळी वाजवावी, असे ठरवून घ्या. पानावर तो किती वेळा येतो, हे पाहून त्यालाच नवल वाटेल. लिहावेसे वाटले तर ओल्या बोटाने पाटीवर एक मोठे अक्षर काढू द्या आणि ते वाळून जाईपर्यंत दोघांनी मिळून त्याचा आवाज काढा.