फिलिपिनो लोकांच्या फुरसतीचा त्यांच्या सुखाशी आणि तब्येतीशी खरंच काही संबंध आहे का?

तुम्ही विचारलंय की खिशात फारसं काही नसताना ही माणसं एवढी हसरी कशी, आणि त्यांच्या मोकळ्या वेळाचा त्यात किती वाटा. मी फिलिपिन्सच्या दावाव शहरात मेडिकलला होते. आपल्याकडची बरीच मुलं तिथे शिकतात. साडेपाच वर्षं एका नानायच्या घरात भाड्यानं राहिले. नानाय म्हणजे आई. गल्लीतले सगळेच तिला तसं म्हणायचे. मी लिहितेय ते त्या घराच्या ओट्यावरून आणि हॉस्पिटलच्या वॉर्डातून पाहिलेलं.

संबंध आहे. पण सुखाशी जितका घट्ट आहे, तितका तब्येतीशी नाही. या दोन गोष्टी आपण एकत्र धरतो, तिथेच घोळ होतो.

वॉर्डात मी शिकलेला बिसायातला, म्हणजे दावावकडच्या भाषेतला, पहिला शब्द ‘गिनहावा’. पेशंटच्या पाठीवर स्टेथोस्कोप ठेवायचा आणि म्हणायचं, गिनहावा, श्वास घ्या. पुढे मनिलाकडच्या एका मैत्रिणीच्या तोंडी तोच शब्द ऐकला, तर तिच्या तगालोग भाषेत त्याचा अर्थ निराळा: ताप उतरल्यावर वाटतं ते हायसं, घराला चार पैसे मिळू लागल्यावर येतो तो निवांतपणा. दुखणं सरणं, संसाराला बरे दिवस येणं आणि छातीभर श्वास घेता येणं, हे सगळं त्यांनी एकाच शब्दात ठेवलंय. मला हे फार आवडलं.

आता फुरसत कशी असते ते सांगते. नानायच्या नातवाचा वाढदिवस होता, तेव्हा व्हिडिओकेचं, म्हणजे कराओकेचं, मशीन भाड्यानं आलं. फ्रीजएवढं खोकं, वर टीव्ही, खाली स्पीकर. ओट्यावर ठेवलं आणि गल्ली आपोआप जमली. कोपऱ्यावरचा ट्रायसिकलवाला आला, शेजारची मासे विकणारी आली, आणि पुढे ज्यांना कुणी बोलावलंच नव्हतं तेही आले. गाणं संपलं की मशीन शंभरपैकी मार्क देतं. मासेवालीला ९६ पडले तेव्हा नानाय उठून नाचली. मला गाता येत नाही म्हटल्यावर माइक काही परत घेतला नाही कुणी. बाजूला बसलेल्या आजोबांनी माझ्याबरोबर गायला सुरुवात केली. तिथे एकट्याला गाऊ देत नाहीत, तसंच एकट्याला जेवूही देत नाहीत. ताट पुढ्यात असताना कुणी दारावरून गेलं की ‘काओन ता!’, चला जेवू या, हे आलंच. आपल्याकडे ‘या जेवायला’ म्हणतात ना, तसंच.

२०२५च्या जागतिक आनंद अहवालात फिलिपिन्स ५७वा आहे आणि भारत ११८वा. त्याच अहवालात एकत्र जेवण्याचा आणि समाधानाचा संबंध सविस्तर मांडलाय. मला त्यात नवल वाटलं नाही. ओट्यावरच्या त्या फुरसतीला पैसे लागत नाहीत, माणसं लागतात.

‘तांबाय’ हा शब्दही तिथलाच. इंग्रजी ‘स्टँड बाय’वरून आलेला, काम नसताना कोपऱ्यावर उभा राहणारा, गप्पा मारणारा. जून २०१८मध्ये राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांच्या आदेशावरून पोलिसांनी असे हजारो लोक उचलले. मला आजही त्याचा राग येतो. एका खोलीत सातजण राहत असतील तर माणसानं संध्याकाळी बसायचं कुठे? गल्ली हाच त्याचा दिवाणखाना.

आता तब्येत. ही फुरसत बसून साजरी होते, आणि बसलं की खाणं येतं. बिअरबरोबर ‘पुलुतान’ हवं, म्हणजे तळलेलं डुकराचं मांस, खारट काहीबाही, पोरांना कोल्ड्रिंक. हृदयविकार हे तिथे मृत्यूचं पहिलं कारण आहे. बास्केटबॉलची रिंग गल्लोगल्ली दिसते, चपला घालून पोरं खेळतात, तरीही जागतिक आरोग्य संघटनेनं १४६ देशांतल्या ११ ते १७ वर्षांच्या मुलांचा अभ्यास २०१९मध्ये जाहीर केला, त्यात फिलिपिन्समधली सुमारे ९३ टक्के मुलं पुरेशी हालचाल न करणारी निघाली. भारताचा आकडा ७४ टक्क्यांच्या आसपास, तोही मिरवण्यासारखा नाही. रिंग एक आणि पोरं चाळीस. बाकीची कठड्यावर बसून बघतात. मुली तर कठड्यावरही कमीच.

पण मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती ज्यांना फुरसतच मिळत नाही त्यांची. नानायचा भाचा कॉल सेंटरला होता, अमेरिकेच्या वेळेवर. रात्री दहानंतरच्या कामाला कायद्यानं दहा टक्के जास्त पगार मिळतो, तोच घराला हवा असायचा. वर्षभराच्या नोकरीनंतर कायद्यानं हक्काची पगारी रजा किती, तर ५ दिवस. तो सकाळी यायचा, पत्र्याच्या छपराखाली घामानं भिजत झोपायचा, आणि संध्याकाळी ओटा भरायला लागला की डबा घेऊन निघायचा. सरावासाठी मी घरातल्या सगळ्यांचं बीपी घ्यायचे. एकोणतिसाव्या वर्षी त्याचं १५०/१०० आलं. मी तीनदा मोजलं. त्याच घरात सदुसष्ट वर्षांच्या नानायचं गोळ्या घेऊन १३०/८०.

नानायचं गुपित काही मोठं नव्हतं. पहाटे साडेपाचला बारांगायच्या, म्हणजे वस्तीच्या, छप्पर घातलेल्या कोर्टवर ‘हाताव’ चालायचं: मोठ्यानं गाणी लावून सामुदायिक नाचाचा व्यायाम, बहुतेक साठीपुढच्या बाया. फी नाही. कुणी दोन दिवस दिसली नाही तर तिसऱ्या दिवशी चौघी तिच्या दारात. तिथे साठीनंतर ज्येष्ठ नागरिकाचं कार्ड मिळतं. २०१०च्या कायद्यानं त्यावर औषधांना २० टक्के सूट आहे आणि सिनेमाच्या तिकिटालाही. बीपीच्या गोळ्या घेऊन त्याच कार्डावर सिनेमाला जाणाऱ्या त्या बायका मी पाहिल्यात, म्हणून सांगते: फुरसतीत सोबत आणि हालचाल दोन्ही आली की तब्येतीलाही गुण येतो.

मी परत आले तरी रविवारी नानायचा व्हिडिओ कॉल येतो. तिची थोरली लेक हाँगकाँगला घरकाम करते. आठवड्यातली एक सुट्टी ती सेंट्रल भागात फुटपाथवर पुठ्ठा अंथरून, मैत्रिणींबरोबर डबे उघडून घालवते. गेल्या रविवारी नानायनं आम्हा दोघींना एकाच कॉलवर घेतलं. भाचा तेव्हा आतल्या खोलीत झोपला होता, म्हणून ती अगदी हळू आवाजात म्हणाली, ‘काओन ता.’