नोंद नाही, म्हणजे झालेलं नाही

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

तू घेतलेल्या जुन्या फोर्ड फिगोचे दोन कागद रविवारी माझ्यासमोर ठेवलेस. एक गाडी विकणाऱ्याचा: 'सिंगल ओनर, फुल मेंटेन, काहीच करायची गरज नाही.' दुसरा गॅरेजवाल्याचा: बासष्ट हजारांचं एस्टिमेट, इंजेक्टरपासून (इंजिनात डिझेल फवारतात ते) सीट कव्हरपर्यंत सगळं. आणि विचारलंस, "काका, यातलं खरं कोण बोलतंय?" आई समोर होती. तिच्यादेखत खर्चाची चर्चा मला नको वाटली, म्हणून हे पत्र.

दोघांपैकी कोणालाही माहीत नाही, हे खरं उत्तर आहे. विकणाऱ्याला गाडी खपवायची होती, गॅरेजवाल्याला काम हवं होतं, आणि गाडीच्या पोटात काय चाललंय हे दोघांनीही पाहिलेलं नाही. तू मात्र एक काम फार चांगलं केलंस. चेसिस नंबरवरून सर्व्हिस सेंटरातून जुनी हिस्टरी काढून आणलीस. तिच्यात शेवटची नोंद २०१८ची, ८२ हजार किलोमीटरला. आज मीटर १ लाख ३८ हजार दाखवतंय. म्हणजे मधल्या ५६ हजार किलोमीटरांचा एक कागद नाही, एक बिल नाही. तुझ्या सगळ्या प्रश्नांचं उत्तर या रिकाम्या जागेत आहे. नोंद नाही, म्हणजे झालेलं नाही. इथून पुढचं सगळं या एका वाक्यावरून ठरव.

माझी सगळी नोकरी कोराडीच्या वीज केंद्रात, मेंटेनन्सला गेली. शिफ्ट बदलताना जाणारा माणूस तोंडी काहीही सांगो, येणारा आधी लॉगबुक उघडतो. पंपाच्या तेलाची पातळी पाहिली असं कोणी म्हणालं आणि पुस्तकात ते नसलं, तर पुन्हा जाऊन पाहायचं. त्यात सांगणाऱ्याचा अपमान नसतो. माणूस थकतो, विसरतो, कालचं आज म्हणून सांगतो. कागद तसं करत नाही. घरच्यांना माझी ही सवय जाचाची वाटते, मला माहीत आहे. पण गाडीच्या बाबतीत तरी मी ती सोडणार नाही आणि तुलाही सोडू देणार नाही.

आता टायमिंग बेल्ट. तुझी फिगो १.४ लिटर डिझेल आहे, तिच्यात चेन नाही, रबराचा दातेरी बेल्ट आहे. खालच्या क्रँकशाफ्टचं फिरणं वरच्या कॅमशाफ्टला देणं आणि पिस्टन वर येईल तेव्हा व्हॉल्व्ह बाजूला राहतील हे सांभाळणं, हे त्याचं काम. तो तुटला की पिस्टन जाऊन व्हॉल्व्हवर आदळतात. मग हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवावं लागतं, आणि जुन्या गाडीत त्या खर्चाला अर्थ उरत नाही. तुझ्या ऑफिसातला डिझेल स्विफ्टवाला म्हणतो ना, "मी तर इतक्या वर्षांत हात लावला नाही"? त्याच्या १.३ लिटरच्या इंजिनात चेन आहे. त्याचं म्हणणं त्याच्या गाडीपुरतं बरोबर असेल, तुझ्या गाडीला ते लागू नाही. दुसऱ्याच्या गाडीवरून आपल्या गाडीचे निर्णय घेऊ नयेत, हे मी तू इंजिनीअर असूनही तुला सांगतोय, कारण तुझ्यासारखे इंजिनीअरच हे सर्रास करतात.

बेल्टचे किलोमीटर मोजतात तसं वयही मोजतात. रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं, आणि नागपूरच्या उन्हात बोनेटखाली तर लवकर होतं. गाडी २०१३ची आहे. पुस्तिकेतला किलोमीटरचा आकडा अजून दूर असला तरी वयाचा हिशेब संपलेला आहे. गॅरेजवाला कव्हर उघडून टॉर्च मारेल आणि म्हणेल, "बेल्ट टनाटन हाये मॅडम, काही नाही होत." त्याला नम्रपणे सांग, की बदलायचाच आहे. बेल्ट तुटायच्या आदल्या दिवशीही तसाच दिसतो. आणि नुसता बेल्ट नको, टेन्शनर आणि आयडलर (बेल्ट ताणून आणि वाटेवर धरणाऱ्या पुल्या) आणि वॉटर पंपही त्याच वेळी. या इंजिनात पंप त्याच बेल्टवर फिरतो. मजुरी खोलाखोलीची असते, ती एकदाच द्यावी. फोर्डनं २०२१मध्ये भारतातलं उत्पादन थांबवायचं जाहीर केल्यापासून पार्ट मिळत नाहीत असं लोक तुला सांगतील. मिळतात. कधी थोडं थांबावं लागतं, तेवढं थांब, पण बिनछापाच्या डब्यातला बेल्ट घेऊ नकोस.

'काही नाही होत.' या तीन शब्दांवर माझा राग का, तेही सांगतो. माझ्या धाकट्या भावानं अशीच एक डिझेल गाडी घेतली होती. विकणारा म्हणाला, बेल्ट बदललेला आहे. बिल विचारलं तर म्हणाला, सापडत नाही, पण काही नाही होत. मी भावाला म्हटलं, बिल नाही तर बदललेला नाही. तो म्हणाला, दादा, तुमचं प्लांटचं डोकं गाडीत नका चालवू. अमरावती रोडला कोंढाळीच्या पुढे गाडी बंद पडली. टो करून आणली, हेड उघडलं, व्हॉल्व्ह वाकलेले. गाडी भंगारात गेली. पैशांचं दुःख त्याला झालं. मला हळहळ वाटली ती गाडीची. पत्रा, गिअरबॉक्स, सस्पेन्शन, सगळं उत्तम होतं. अजून कितीतरी वर्षं चालली असती. एका न सापडलेल्या बिलापायी गेली. आजही कोंढाळीवरून जाताना मला ती आठवते.

म्हणून तू उद्या मला फोन करून "काका, मिस्त्री म्हणतो चालेल" असं म्हणू नकोस. मिस्त्री काय म्हणतो हा प्रश्नच नाही.

बेल्टच्या कामातच कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) निघतं, तेव्हा ते पूर्ण नवं भरून घे. मार्च लागलाय. मे महिन्यात इथे पारा ४५च्या वर जातो, आणि तू बुटीबोरीहून वर्धा रोडनं भर दुपारी एसी लावून परत येणार. तुझ्या कूलंटच्या टाकीतलं पाणी मी पाहिलं, रंग गढूळ तांबूस आहे. याचा अर्थ कोणीतरी नळाचं किंवा बोअरचं पाणी ओतत राहिलं. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर, ते रेडिएटरच्या बारीक नळ्यांत थर धरतात. शिवाय नुसत्या पाण्यात गंज रोखणारं काही नसतं. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मंनिम्मं घेतलं की मिश्रण १०० अंशांना न उकळता सहा-सात अंश वर जाऊन उकळतं, आणि झाकणाच्या दाबामुळे त्याहून पुष्कळ वर. ते झाकणही नवं घे. स्वस्त वस्तू आहे आणि तिच्यामुळे इंजिनं गेलेली मी पाहिली आहेत. पंखा दोन्ही वेगांवर फिरतो का, ते एसी लावून उभ्या गाडीत बघ. रेडिएटरपुढच्या एसीच्या जाळीवरची, म्हणजे कंडेन्सरवरची, धूळ आणि किडे साध्या पाइपच्या पाण्यानं धुवायला सांग, प्रेशर पंपानं नको, जाळीचे पत्रे वाकतात.

तापमानाच्या काट्यावर विसंबू नकोस. बहुतेक गाड्यांत तो मधोमध बसून राहतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. पाणी पूर्णच गळालं असेल तर सेन्सर कोरडा पडतो आणि काटा चुकीचं दाखवतो. दर रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना, टाकीतली पातळी डोळ्यांनी बघ. गरम इंजिनाचं झाकण कधीही उघडायचं नाही, हे तुला सांगायची गरज नाही, तरी सांगितलं.

ऑइलबद्दल तू म्हणालीस, "काढून पाहिलं, काळं होतं, म्हणजे खराब ना?" डिझेलमध्ये नवं ऑइलही थोड्याच दिवसांत काळं पडतं. काजळी पकडून ठेवणं हेच त्याचं काम. रंगावरून काहीही कळत नाही. कधी बदललं याची नोंद आहे का? नाही. मग बदललेलं नाही. आताच बदल, पुस्तिकेतल्या ग्रेडचंच घे, फिल्टर बरोबर, आणि तीनेक हजार किलोमीटरनंतर पुन्हा एकदा. त्यापुढे पुस्तिकेप्रमाणे. इंजिन फ्लश म्हणून बाटली पुढे करतील, ती घेऊ नकोस. इतक्या चाललेल्या इंजिनात जुना गाळ एकदम सुटून ऑइलच्या वाटा बुजवण्याचा धोका मला पत्करावासा वाटत नाही. दोनदा ऑइल बदलणं हाच त्याचा सज्जन उपाय. डिझेल फिल्टर, एअर फिल्टर, ब्रेक ऑइल, गिअर ऑइल, सगळ्यांना हाच न्याय. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, आणि हे काम जुन्या गाड्यांत जवळजवळ कोणीच करत नाही.

इथे थांबून एक गोष्ट नीट समजून घे, नाहीतर माझं वाक्य धरून तू ते बासष्ट हजार भरून येशील. ज्या गोष्टींना ठरलेली मुदत आहे, त्यांनाच हा नियम लागू. इंजेक्टर, टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा), क्लच यांना तारीख नसते, लक्षणं असतात. स्टार्ट व्हायला वेळ लागतो का, धूर येतो का, चढावर इंजिनाचा आवाज वाढून गाडी मात्र ओढत नाही असं होतं का? मी चालवून पाहिली, यातलं काही नाही. म्हणून एस्टिमेटमधले इंजेक्टर काट, टर्बो काट. डेंटिंग-पेंटिंग काट. सीट कव्हर आणि म्युझिक सिस्टिमचं पुढच्या दिवाळीला बघू. टर्बोसाठी एकच, लांबून आलीस की लगेच चावी फिरवू नकोस, इंजिन अर्धा-एक मिनिट तसंच चालू दे.

टायरवर तारीख छापलेलीच असते, म्हणजे तिथे विकणाऱ्याच्या शब्दाची गरजच नाही. 'डॉट'पासून सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे बघ. तुझ्या मागच्या दोन्हींवर २३१७ आहे, म्हणजे २०१७चा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक आहे म्हणून ते चांगले दिसतात. चांगले नाहीत, बदल. स्टेपनी तर गाडीबरोबरचीच आहे. उन्हाळ्यात हवा कमी ठेवा असं पंपावरचा पोरगा सांगेल, ऐकू नकोस. कमी हवेचा टायर जास्त दबतो आणि त्यानंच जास्त तापतो. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर आकडा आहे, तेवढी हवा, सकाळी गाडी थंड असताना.

पुराची भीती मात्र काढून टाक. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउटमध्ये घरांसमोरच्या गाड्या बुडाल्या, तेव्हापासून नागपुरात जुनी गाडी घेताना ही शंका घेतलीच पाहिजे. तू आत चहा करत होतीस तेव्हा मी चारही सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिले, स्टेपनीखालचा खळगा पाहिला, कार्पेट उचलून वायरींचे जोड पाहिले. गाळ नाही, हिरवा गंज नाही.

मग वही. दोनशे पानी लांब वही घे. तारीख, किलोमीटर, काय बदललं, कोणत्या कंपनीचं, कोणाकडून, आणि बाजूला बिल चिकटव. मोबाइलमध्ये नको. मोबाइल बदलतो, वही राहते. माझ्या २००५च्या वॅगनआरची अशी वही आहे. सगळे म्हणतात, हिच्यात घातलेल्या पैशात नवी आली असती. मी वहीची बेरीज करून दाखवली आहे, नसती आली. पंधरा वर्षं झाल्यावर पुन्हा पासिंग करून घेतलं, ग्रीन टॅक्स भरला, तेव्हा मुलगा पुण्याहून फोनवर ओरडला की काहून इतका जीव लावता. जीव लावण्याचा प्रश्न नाही. जी वस्तू नीट सांभाळली तर चालते, ती न सांभाळता टाकून देणं मला जमत नाही. ते चुकीचं आहे, असंच माझं मत आहे, आणि वयाप्रमाणे ते पक्कं होत चाललंय. तुझी गाडी २०२८मध्ये पंधराची होईल. तेव्हा तुझ्या हातात वही असेल, तर ठेवायची की विकायची हे तू ठरवशील. गाडी ठरवणार नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या म्हणालीस, आता आरसी तुझ्या नावावर झाल्याचं स्वतः ऑनलाइन तपास. विमा १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्यायचा असतो, आणि जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) तुला मिळत नाही. तिथेही "एजंटनं केलंय, काही नाही होत" चालणार नाही. कागद हातात आला, म्हणजे झालं.

या महिन्यात क्रम असा ठेव: बेल्टचा पूर्ण संच, वॉटर पंप आणि कूलंट, मग ऑइल आणि सगळे फिल्टर, मग ब्रेक ऑइल, मग मागचे टायर. पैसे कमी पडले तर टायर पुढच्या पगारावर ढकल आणि तोवर गाडी ऑफिसपुरतीच चालव. बेल्ट ढकलायचा नाही. आईला समृद्धी महामार्गानं घेऊन जाईन म्हणत होतीस, वाटेत शेगावलाही. बेल्ट आणि टायर दोन्ही होईपर्यंत तिकडे गाडी घालू नकोस. तिथे १२०ची मुभा आहे आणि काँक्रीट दिवसभर तापलेलं असतं. आईला दर्शनाची घाई असेल तर महाराष्ट्र एक्स्प्रेस शेगावला थांबते, तिकिटं काढ. आणि मिस्त्रीकडून निघालेला जुना बेल्ट मागून घे, शनिवारी मला दाखवायला आण. बिल विसरू नकोस.

तुझा,
काका