ब्राउझरच्या इन्कॉग्निटोमध्ये (खासगी मोडमध्ये) पाहिलेल्या साइट्स इंटरनेट कंपनीला किंवा घरच्या राउटरवर दिसतात का?

हो, दिसू शकतात. इन्कॉग्निटो फक्त एवढंच करतं, की तुमच्या स्वतःच्या फोनवर किंवा लॅपटॉपवर हिस्टरी आणि कुकीज साठवून ठेवत नाही. क्रोममध्ये इन्कॉग्निटो उघडलं की पहिल्याच पानावर हे लिहिलेलं असतं, पण ते सहसा कुणी वाचत नाही. साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे सांकेतिक रूपात माहिती पाठवणाऱ्या जोडणीवर, असेल (आता बहुतेक असतात) तर तुम्ही कोणतं पान वाचलं, काय टाइप केलं हे वाटेत कुणाला कळत नाही. साइटचं नाव मात्र कळतं, कारण त्या नावावरून साइटचा इंटरनेटवरचा पत्ता शोधणारी डीएनएसची विचारणा साधारणपणे उघडीच जाते. एखाद्या आजाराविषयीच्या साइटचं नुसतं नावही पुष्कळ काही सांगून जातं, म्हणून हे हलक्यात घेऊ नका. घरी एवढं नक्की करा:

- अँड्रॉइड ९ किंवा त्यापुढच्या फोनवर नेटवर्क सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ सुरू करा. कॉम्प्युटरवर ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये ‘सिक्युअर डीएनएस’ मिळेल.
- राउटरचा अ‍ॅडमिन पासवर्ड बदला. वायफायचा पासवर्ड वेगळा, हा वेगळा.

तरीही नाव पूर्ण लपत नाही, कारण जोडणी होताना ते बहुतेक वेळा पुन्हा एकदा उघडं जातं. व्हीपीएनने (तुमची सगळी ये-जा आपल्या सर्व्हरमार्फत नेणाऱ्या सेवेने) ते इंटरनेट कंपनीपासून लपतं, पण मग तोच भरवसा व्हीपीएन कंपनीवर टाकावा लागतो. शिवाय सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या आदेशानुसार व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची माहिती किमान पाच वर्षं ठेवायची आहे. फुकटचं व्हीपीएन तर मी कुणालाच सुचवणार नाही.