चिरेबंदी कौलारू घरासमोरच्या गाडीरस्त्याला पेव्हर ब्लॉक कोणत्या रंगाचे लावावेत?

तुमचं घर जांभ्याचं, वर मंगळुरी कौलं, आणि गेटपासून पडवीपर्यंत चाळीसेक फूट गाडीरस्ता करायचाय. लाल घराला लाल पेव्हर शोभतील, लाल-पिवळी नक्षी करावी की सरळ काँक्रीट ओतावं, असा तुमचा प्रश्न. ‘लाल घराला लाल ब्लॉक’ वाचलं आणि मला राहवलं नाही. अगदी हेच शब्द २०१४ साली माझ्या मोठ्या दिरांच्या, म्हणजे भावोजींच्या, तोंडून आले होते, आणि त्यापायी आमच्या सासूबाईंचं मनगट मोडलं.

आमचं घर राजापूर तालुक्यात. गेटपासून पडवीपर्यंतची चिऱ्यांची, म्हणजे जांभ्याच्या कापलेल्या दगडांची, वाट सासऱ्यांनी स्वतः बसवलेली. त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा शेवटचा टप्पा चालू होता, म्हणून ते काम मी डोळ्यांनी पाहिलंय. खाणीवरून ट्रक आला की अण्णा एकेक चिरा उभा करायचे, कोयत्याच्या पाठीने ठोकायचे आणि कान देऊन ऐकायचे. टणटणला तो वाटेला, भद्द वाजला तो गडग्याला, म्हणजे कुंपणाच्या भिंतीला. मग वाटेच्या चिऱ्यांवर तांब्याभर पाणी ओतून बघायचे. पाणी चटकन पिऊन टाकणारा चिरा परत बाजूला. एका ट्रकातून वाटेसाठी निम्मेसुद्धा निघायचे नाहीत. गडी कंटाळायचे, अण्णा नाही.

२०१३च्या गणपतीत भावोजी डोंबिवलीहून नवी गाडी घेऊन आले. वाट होती पायी चालायची, तीन फुटांची. गाडी शेजारच्या मातीवरून आणली आणि ती चाकाच्या निम्म्यापर्यंत रुतली. भर पावसात गणपतीची मूर्ती मागच्या सीटवर, आणि चार माणसं गाडी ढकलतायत. त्यांचा संताप मला तेव्हाही पटला होता. गाडीसाठी काहीतरी करायलाच हवं होतं.

पुढच्या मे महिन्यात मी भावाच्या लग्नाला आठ दिवस माहेरी, देवरुखला गेले. परत आले तर गेटपासून पडवीपर्यंत सगळं लाल-पिवळं, नागमोडी, चकचकीत. अण्णांची वाट उखडून चिरे मांगरामागे, म्हणजे शेताच्या खोपीमागे, फेकलेले. अण्णा तोवर अंथरुणाला खिळलेले होते, खिडकीतून त्यांना फक्त गेट दिसायचं. त्यांनी मला एकच विचारलं, ‘चिरे ठेवले ना गं?’ मी हो म्हटलं आणि संध्याकाळी जाऊन मोजून आले. २१२ होते.

आता रंगाचं. जांभा लाल नसतो. दुपारी घराच्या भिंतीला अगदी नाक लावून बघा. तांबडा, गेरू, हळदीसारखा पिवळा, मधेच जांभळट काळा, आणि त्यात शेकडो भोकं. प्रत्येक भोकात सावली. भिजला की आणखी गडद होतो, उन्हाळ्यात फिका पडतो. पेव्हरचा लाल म्हणजे करड्या सिमेंटात कालवलेला रंग. तो गुलाबी-तपकिरीकडे झुकतो आणि सगळीकडे एकसारखा असतो. स्वस्त ब्लॉकात तर रंग फक्त वरच्या थरात असतो. तो झिजला की खालचं करडं सिमेंट उघडं पडतं. अशा दोन लालांना शेजारी ठेवलं की घर उगाच मळकट दिसतं. आमचं दिसायचं. त्यापेक्षा बिनरंगाचा करडा परवडला. तो भिंतीशी स्पर्धा करत नाही.

पण रंगाने मनगट मोडत नाही. आम्हाला लावलेले ब्लॉक रबर मोल्डमधले होते, वरून काचेसारखे गुळगुळीत. कोकणात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस. पहिल्याच आषाढात त्यावर हिरवा थर आला. दुसऱ्या वर्षी श्रावणात सासूबाई तुळशीला पाणी घालायला उतरल्या आणि हात टेकून पडल्या. दीड महिना प्लास्टर. त्यानंतर पावसाळ्यात त्या पडवीबाहेर एकट्या उतरल्याच नाहीत, आणि अंगणाशिवाय त्या बाईचा दिवस जायचा नाही.

शिवाय काम करणाऱ्याने खाली सोलिंग, म्हणजे दगडांचा ठोकलेला थर, केलंच नव्हतं. तांबड्या मातीवर चार बोटं कच पसरून ब्लॉक मांडले, कडेला धरून ठेवायला काही नाही. दोन पावसाळ्यांत चाकाखाली दोन चर पडले. त्याहून वाईट म्हणजे जमीन चार-पाच इंच वर आली आणि उतार पडवीकडे झाला. पाणी जोत्याला लागायला लागलं. खालच्या दोन थरांच्या चिऱ्यांवर पांढरा क्षार फुलला, आतल्या खोलीचा गिलावा पापुद्र्याने सुटला. पन्नास वर्षांत कधी न ओललेली भिंत!

२०१९ला मी हट्टाने ते सगळं काढलं. भावोजींचं म्हणणं तेव्हाही एकच, ‘जांभा टिकत नाही, झिजतो.’ तुम्हालाही कोणीतरी हेच सांगणार, म्हणून लिहिते. आमच्याच तालुक्यात बारसूला आणि देवाचे गोठणे इथे सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, कातळशिल्पं आहेत, हजारो वर्षं उघड्यावर. रत्नागिरीचा थिबा पॅलेस १९१०चा, तोही जांभ्याचाच. सड्याचा वरचा थर उन्हा-वाऱ्याने कडक झालेला असतो, खाली खोल गेलं की दगड मऊ लागतो. काढल्यावर हवा लागून तोही कडक होतो, पण सगळा सारखा नाही. अण्णा ठोकून बघायचे ते याचसाठी. न बघता ट्रक रिकामा करून घ्यायचा आणि मग दगडाला नावं ठेवायची, हे मला मान्य नाही.

आम्ही काय केलं ते सांगते. गाडीच्या चाकांपुरत्या दोन पट्ट्या, प्रत्येकी दोन फूट रुंद, मध्ये तीन फूट मोकळी जागा. पट्ट्यांखाली खोदून काळ्या दगडाचं सोलिंग, धुमसाने ठोकून घेतलेलं, वर चार इंच काँक्रीट, आणि ओलं असतानाच त्यावर आडवा खराटा ओढला. त्या रेघांमुळे पाय आणि टायर दोन्ही धरतात. दोन्ही पट्ट्यांच्या कडांना अण्णांचे चिरे. मधल्या जागेत गवत. उतार पडवीपासून बाहेर, पन्नास फुटांना एक फूट. पायवाट शेजारी वेगळी, तीही त्याच चिऱ्यांची. २१२ पैकी १९० परत लागले. करडं काँक्रीट पहिल्या वर्षी डोळ्यांना खुपलं, दोन पावसाळ्यांनी काळवंडलं आणि आता जुनंच वाटतं. भावोजींची गाडी त्यानंतर एकदाही रुतलेली नाही.

तुम्हाला पेव्हरच हवे असतील तर मशीनवर दाबून काढलेले घ्या, खरखरीत, एकरंगी करडे. गाडीसाठी जाडी ६० मिलिमीटर तरी हवी. चिऱ्यांचा किंवा खताचा टेम्पो येत असेल तर ८०. दोन्ही कडा काँक्रीटने बांधून घ्या, नाहीतर ब्लॉक बाजूला सरकतात. नागमोडी नक्षी, फुलं, बुद्धिबळाचा पट अजिबात नको. शहाबादी फरशी पावसात घसरते आणि खाली भक्कम काँक्रीट नसेल तर चाकाखाली तडकते. काळा कडाप्पा दगड उन्हात अनवाणी पायाला चटका देतो. पांढरट काहीही लावू नका. तांबडी माती एका दिवसात त्याचा रंग ठरवते. जमीन भिंतीपेक्षा थोडी गडद आणि थोडी मंद असावी, आणि दोनपेक्षा जास्त प्रकारचं साहित्य एका अंगणात येऊ नये, एवढं मी सांगेन. हे जांभ्याच्या घराचं झालं. घाटावरच्या काळ्या दगडाच्या वाड्यासमोर किंवा पांढऱ्या रंगाच्या स्लॅबच्या बंगल्यासमोर गडद करडे पेव्हर छान दिसतात. तिथे जांभा मुद्दाम नेऊन लावलेला उपरा वाटतो.

एक कबूल करायला हवं. जांभ्यावरही शेवाळ येतं. पाखाडीवर, म्हणजे चिऱ्यांच्या पायऱ्यांच्या वाटेवर, घसरलेली माणसं मीही पाहिली आहेत. भाद्रपदात गणपतीच्या आधी ब्लीचिंग पावडर टाकून काथ्याच्या ब्रशने घासावंच लागतं, आणि ते काम दरवर्षी माझ्याच वाट्याला येतं. तसंच थेट चाकाखाली जांभा रोज झिजतो, एवढं भावोजींचं खरं आहे. म्हणूनच चाकाखाली काँक्रीट घातलं. पण पायाखालची वाट उखडायचं कारण त्यात नव्हतं.

काम होळीनंतर लगेच सुरू करा. काँक्रीटला पाणी मारायला निदान दहा दिवस मिळायला हवेत, आणि मे अखेरीस गडी शेताच्या कामाला जातात, मिळत नाहीत.

रंग विचारलात, पण गेट पडवीपेक्षा वर आहे की खाली, ते लिहिलं नाहीत. मृगाच्या पहिल्या पावसात पडवीत उभं राहून पाणी कुठे जातं ते बघा आणि मला कळवा. पाणी घराकडे येत असेल तर आधी त्याची वाट काढावी लागेल, ब्लॉक नंतर.