४×५ कॅमेऱ्यावर पोर्ट्रेट काढताना कान शार्प आणि डोळे मऊ का येतात?

तुमची मांडणी अशी: ४×५ इंची सुट्या शीटवर फोटो काढणारा कॅमेरा, वडोदऱ्यातल्या दांडिया बाजारच्या वाड्याची ओसरी, ४०० स्पीडची फिल्म, २१० मिमी लेन्स, छिद्र एफ/८ (आकडा मोठा तेवढं छिद्र लहान), आजोबा दीड मीटरवर. प्रत्येक शीटवर फोकस कानांवर, शिवाय प्रिंटवर काळे ठिपके. यात लेन्सचा दोष दिसत नाही, ती बदलू नका.

एवढ्या अंतरावर एफ/८ला जेमतेम ७ सेंमी खोली शार्प मिळते. मागच्या दुधी काचेवर लूपने (भिंगाने) डोळे फोकस केले, शटर बंद केलं, होल्डर (फिल्मची चपटी पेटी) घातला, डार्क स्लाइड (फिल्मवरचं झाकण) ओढली, तेवढ्यात आजोबा पुढे झुकतात. फोकस जिथल्या तिथेच असतो, पण आता तिथे कान आलेले असतात. मागे रेलले असते तर नाक शार्प आलं असतं.

यावर जुना उपाय म्हणजे दोरा. एक टोक लेन्सच्या फ्रेमला बांधा. फोकस झाल्यावर दोरा ताणून डोळ्याशेजारच्या हाडापर्यंत न्या आणि तिथे गाठ मारा. स्लाइड काढल्यावर गाठ पुन्हा तिथेच टेकते का बघा, दोरा सोडा आणि लगेच शटरची केबल दाबा. छिद्र आणि शटरस्पीड फोकस करण्याआधीच ठरवलेले असू द्या. खुर्ची ताठ पाठीची, लाकडी. एफ/११ला ९-१० सेंमी मिळतील, पण ओसरीच्या उजेडात शटर १/१५ पर्यंत उतरेल. वयस्क माणसासाठी मी तरी एफ/८वरच थांबेन.

मात्र माणूस दर वेळी पुढेच झुकत नाही, म्हणून मागची काचही तपासा. फूटपट्टी तिरकी ठेवून मधल्या खुणेवर फोकस करा आणि लेन्स पूर्ण उघडी ठेवून एक शीट काढा. शार्प खूण मागे सरकली असेल तर काच चुकीच्या अंतरावर आहे. बहुतेकदा कुणीतरी नंतर काचेच्या आतल्या, म्हणजे लेन्सकडच्या बाजूला फ्रेनेल (काचेवरचं चित्र उजळ दिसावं म्हणून लावायचं चपटं, खाचांचं भिंग) बसवलेली असते. दीड मिमीची फ्रेनेल तुमच्या मांडणीत फोकस साधारण ४ सेंमी मागे ढकलते. ती काचेच्या बाहेर, डोळ्याच्या बाजूला लावा.

बेलोज (लेन्स आणि फिल्ममधला घडीचा भाता) २४ सेंमीच्या पुढे ताणले जात असल्याने जवळजवळ अर्धा स्टॉप उजेड जास्त द्या (एक स्टॉप म्हणजे दुप्पट).

ठिपके धुळीचे: कण फिल्मवर बसला की तिथे उजेड पोचत नाही. उन्हाळ्यात चेंजिंग बॅगेत (हात घालून फिल्म भरायच्या काळ्या पिशवीत) हात घामेजतात, बोटांचे ठसे उठतात. त्यापेक्षा रात्री न्हाणीघरात, फरशी ओली करून, पंखा बंद ठेवून होल्डर भरा.