ट्रेलरच्या तळाचे आवरण लोंबते तेव्हा

प्रश्न: आमच्या ट्रॅव्हल ट्रेलरच्या (गाडीमागे ओढायच्या फिरत्या घराच्या) तळाला बसवलेली काळी प्लॅस्टिक शीट मधोमध लोंबू लागली आहे. रुंद चिकटपट्टी लावून ती दोनदा वर घेतली, परंतु दोन्ही वेळा पहिल्याच लांब प्रवासात पट्टी सुटली. वेग वाढला की खालून फडफड ऐकू येते. पूर्ण आवरण बदलावे लागेल का?

उत्तर: पट्टी सुटली, यात आपल्या हाताचा दोष नाही. ही शीट बहुधा पॉलिप्रॉपिलीनची असते आणि त्या प्लॅस्टिकला कोणतेही गोंद सहजासहजी धरत नाही. मात्र शीट कशाने बांधावी यापेक्षा ती लोंबली कशाने, हा प्रश्न आधी सोडवायला हवा.

खाली शिरण्यापूर्वी ट्रेलर सपाट, टणक जमिनीवर उभा करून चाकांना पुढून-मागून ठोकळे लावावेत आणि सांगाड्याखाली भक्कम घोड्या द्याव्यात. नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही खाली जाऊ नये. मग फुगवट्याला हाताने दाबून पाहावे. तो जड आणि थुलथुलीत लागला, तर आत पाणी साचले आहे. सर्वांत खालच्या जागी चाकूच्या टोकाने लहानसा छेद देऊन ते काढावे. पाते खोल घालू नये, कारण आत तारा आणि नळ्या असतात. पाणी कुठून येते हे शोधण्याची सोपी रीत अशी : ट्रेलरची पाण्याची टाकी भरून, सर्व नळ बंद ठेवून पाण्याचा पंप चालू ठेवावा. नळ बंद असतानाही पंप थोड्या थोड्या वेळाने आपोआप सुरू होत असेल, तर बहुधा कुठल्यातरी जोडातून गळती आहे. पंप शांत राहिला आणि पाणी फक्त पावसानंतरच दिसत असेल, तर छताचे किंवा भिंतीचे सांधे तपासावेत. आवरणाच्या आत ऊब धरण्यासाठी भरलेली ग्लासवूल (काचतंतूंचा कापूस) भिजली असेल, तर ती मात्र वाळवून पुन्हा वापरण्याच्या फंदात पडू नये; ती दबलेली असते आणि ऊब धरत नाही.

फुगवटा नेमका टाकीखाली असेल, तर टाकीच्या आधारपट्ट्या आधी पाहाव्यात. दीडशे लिटर पाण्याचे वजन दीडशे किलो भरते. ते पेलणे शीटचे काम नव्हे.

शीट स्क्रूंच्या रांगेत सलग फाटलेली नसेल, तर ती सगळी बदलण्याचे कारण नाही. खराब झालेला तेवढाच भाग चौकोनी कापून नवा तुकडा बसवावा. शीटच्या जाडीत समांतर पोकळ नळ्या असतात; तुकड्यातील त्या नळ्या सांगाड्याच्या एका आडव्या पट्टीपासून दुसऱ्या पट्टीकडे जातील अशा ठेवाव्यात, कारण शीट त्याच दिशेने ताठ असते. जिथे दोन शीट एकमेकींवर येतात, तिथे पुढच्या शीटची मागची कड बाहेरच्या बाजूला ठेवावी, म्हणजे वाऱ्याला शिरायला उघडी कड सापडत नाही. उलट लावलेली शीट वारा पुन्हा सोलून काढतो.

पकड स्क्रूची असते. लोखंडी सांगाड्यात सेल्फ-ड्रिलिंग (स्वतःच छिद्र पाडत जाणारे) स्क्रू आणि 30 ते 40 मिमी व्यासाचे वॉशर वापरावेत. शीटच्या कडांखालून ॲल्युमिनियमच्या चपट्या पट्ट्या दिल्या तर अधिक चांगले. स्क्रू मारण्यापूर्वी वरून जाणारी गॅसची नळी, ब्रेकची तार आणि टाकीचा तळ नेमका कुठे आहे ते पाहून घ्यावे. आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही : 2 मीटर लांबीची पॉलिप्रॉपिलीन शीट तापमान 30 अंशांनी बदलले की सुमारे 6 ते 9 मिमी लांबते किंवा आखडते, लोखंड मात्र त्याच्या दशांशाइतकेच हलते. म्हणून मधला स्क्रू घट्ट करून बाकीची छिद्रे स्क्रूपेक्षा काही मिलिमीटर मोठी पाडावीत आणि ती वॉशरने झाकावीत. सगळे स्क्रू आवळून टाकले, तर शीट उन्हात पुन्हा फुगते आणि थंडीत छिद्रांपाशी फाटते.

नळ्या जिथून बाहेर येतात त्या फटी स्प्रे फोमने भरण्याचा मोह होतो. परंतु उंदीर तो सहज कुरतडतात आणि पुढे एखादा जोड दुरुस्त करायचा झाल्यास तोच फोम खरवडत बसावे लागते. त्याऐवजी तांब्याच्या जाळीचा बोळा कोंबून वरून सीलंट लावावे. लोखंडी घासणीचा बोळा ओलाव्याने गंजून जातो. सर्वांत खालच्या बिंदूवर, जाळी लावलेले एक छोटे छिद्र मात्र मुद्दाम उघडे ठेवावे, म्हणजे पुढची गळती फुगवटा येण्याआधीच थेंबाथेंबाने कळेल.