वाचकांचे प्रश्न : घरच्या घरी कॅड शिकायचंय, सुरुवात कुठून करू?

प्रश्न : मी निवृत्त टर्नर आहे. मुलाने थ्रीडी प्रिंटर घेतलाय पण नेटवरून उतरवलेल्या वस्तूच छापत बसतो. मला स्वतःचे पार्ट काढायचेत. जवळच्या क्लासमधे विचारलं तर ऑटोकॅड शिका म्हणाले, फी बरीच सांगितली. लॅपटॉप जुना आहे, ४ जीबी रॅम. काय करू?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : काका, फी भरायची घाई अजिबात करू नका. कॅड म्हणजे कंप्युटरवर मापाने ड्रॉइंग आणि पार्ट काढणं, आणि ऑटोकॅड हे त्यातलं फक्त एक सॉफ्टवेअर. ऑटोकॅड वाईट नाही, १९८२ पासून आहे आणि ड्राफ्ट्समनची नोकरी हवी असलेल्या मुलांना ते यायलाच हवं, पण तुम्हाला नोकरी करायची नाहीये, तुम्हाला प्रिंटरवर पार्ट काढायचाय. त्याला लागतं सॉलिड मॉडेल, म्हणजे पार्टचा भरीव थ्रीडी आकार, आणि तेही असं की एक माप बदललं की त्यावर अवलंबून असलेलं सगळं आपोआप बदलावं. याला पॅरामेट्रिक मॉडेलिंग म्हणतात आणि हौशी माणसाने थेट तेच शिकावं असं माझं स्पष्ट मत आहे.

तुमच्यासाठी माझी पहिली पसंती फ्रीकॅड. पूर्ण फुकट, ओपन सोर्स, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं, फाइल तुमच्याच लॅपटॉपवर राहते, आणि नॉब, बुश, ब्रॅकेट असले छोटे पार्ट काढायला ४ जीबीत भागतं, फक्त बाकीचे प्रोग्राम बंद ठेवा. घेताना १.० किंवा त्याच्या पुढचीच आवृत्ती घ्या, कारण खालच्या उत्तरात सांगतोय. दुसरा पर्याय ऑनशेप, ते ब्राउझरमधे चालतं, काहीच इन्स्टॉल करावं लागत नाही आणि जड आकडेमोड त्यांच्या सर्व्हरवर होते, पण फुकटच्या प्लॅनमधे तुमचं डिझाइन सगळ्यांना दिसतं. पंख्याचा नॉब दिसला तर दिसू दे, पण स्वतःची नवीन कल्पना असेल तर तिथे ठेवू नका. फ्यूजन हे आणखी एक पॅरामेट्रिक कॅड, चांगलं आहे पण तुमच्या या लॅपटॉपवर नकोच. नातवंडं असतील तर त्यांना टिंकरकॅड हे ब्राउझरमधलं सोपं कॅड दाखवा, ठोकळे जोडायचे, ठोकळे वजा करायचे, तासाभरात मूल काहीतरी बनवतं.

आणि एक सांगतो, तुम्ही शून्यापासून सुरू करत नाही आहात. ड्रॉइंग वाचता येतं, वर्नियर हातात बसलाय, हेच नवशिक्यांना सगळ्यात अवघड जातं. फ्रीकॅडमधे रिव्हॉल्व्ह म्हणून कमांड आहे, अर्धा प्रोफाइल काढायचा आणि अक्षाभोवती फिरवायचा की जॉब तयार. लेथवर आयुष्य गेलेल्या माणसाला हे समजवावं लागणार नाही.

प्रश्न : मी फ्यूजनचं फुकटचं पर्सनल व्हर्जन वापरते. १० फायलींची मर्यादा आहे त्याने अडायला होतं, आणि आता ओळखीतले लोक वस्तू विकत मागतायत. फ्रीकॅडवर जावं का? मागे ट्राय केलं होतं तेव्हा सुरुवातीचं एक माप बदललं की पुढचं सगळं मॉडेल लाल व्हायचं.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, आधी १० चं बघू. ती मर्यादा एका वेळी एडिट करता येणाऱ्या फायलींची आहे. बाकीच्या रीड ओन्ली करून ठेवायच्या, लागेल ती परत चालू करायची. कटकट आहे पण त्यापायी सॉफ्टवेअर बदलू नका.

विक्री मात्र वेगळी गोष्ट. पर्सनल लायसन्स घरगुती, बिनव्यावसायिक कामासाठी आहे, ऑनशेपचा फुकटचा प्लॅनही तसाच. पुढे खरंच ऑर्डरी घ्यायच्या असतील तर एकतर पैसे भरा नाहीतर फ्रीकॅड, तिथे विक्रीला कसलंच बंधन नाही. या कंपन्या आज जे फुकट देतात ते उद्या तसंच राहील याची खात्री कुणी देऊ शकत नाही, म्हणून जे मॉडेल महत्त्वाचं वाटतं त्याची स्टेप फॉरमॅटमधे, म्हणजे बहुतेक सगळ्या कॅड सॉफ्टवेअरमधे उघडणाऱ्या फाइलमधे, एक कॉपी स्वतःच्या हार्ड डिस्कवर ठेवाच. स्टेपमधे आकार अचूक राहतो, तुम्ही तो कुठल्या पायऱ्यांनी बनवला ते मात्र जातं.

लाल व्हायचं त्याचं कारण असं की फ्रीकॅड प्रत्येक पृष्ठभागाला नंबर देतं, फेस ६, फेस ७ असे, आणि सुरुवातीच्या स्केचमधे, म्हणजे ज्या सपाट आकृतीपासून पार्ट उभा राहतो तिच्यात, एखादी रेघ वाढली की नंबर सरकायचे, मग फेस ६ वर काढलेलं भोक भलत्याच बाजूला जायचं नाहीतर एरर यायचा. लोक यानेच वैतागून सोडून जायचे आणि ते वैतागणं रास्तच होतं. नोव्हेंबर २०२४ मधे १.० आलं त्यात हे बरंच दुरुस्त केलंय. पूर्ण गेलं असं नाही म्हणणार, त्यामुळे एक सवय लावून घ्या, नवीन स्केच शक्यतो मूळच्या एक्सवाय, एक्सझेड प्लेनवर नाहीतर डेटम प्लेनवर, म्हणजे आपण स्वतः ठेवलेल्या संदर्भाच्या प्लेनवर काढा, तयार झालेल्या पृष्ठभागावर नको. आणि कडा गोल करायचं काम, म्हणजे फिलेट, सगळ्यात शेवटी.

प्रश्न : व्हिडिओ बघून बघून सगळं जमतं, पण स्वतःहून काही काढायला बसलो की हात चालत नाही. आणि जे काढलं ते छापल्यावर बसत नाही.
– एक वाचक, लातूर

उत्तर : व्हिडिओत मापं सांगणाऱ्याची असतात, काय आधी काढायचं हेही त्यानेच ठरवलेलं असतं, तुम्ही फक्त क्लिक करता. ते ठरवणं हेच तर कॅड आहे. म्हणून घरातली एक तुटकी वस्तू घ्या. पंख्याच्या जुन्या रेग्युलेटरचा नॉब घ्या, बहुतेक घरांत एखादा तरी तडकलेला असतोच. मेन स्विच बंद करा, नॉब ओढून काढा, आतला शाफ्ट मोजा. तो बहुधा इंग्रजी डी सारखा असतो, एक बाजू सपाट. पुष्कळदा व्यास ६ मिमी आणि सपाट बाजूपासून समोरच्या गोलाईपर्यंत ४.५ मिमी भरतं, पण माझ्यावर जाऊ नका, तुमचा मोजा.

मग कागदावर पेन्सिलने काढा. हसू नका, खरंच काढा. वरून कसा दिसतो, मधोमध कापला तर कसा दिसतो, आणि प्रत्येक माप लिहा. जे माप लिहिता येत नाही ते तुम्ही मोजलेलंच नाही, आणि स्क्रीनवर अडणार ते तिथेच.

आता सॉफ्टवेअर उघडा. वर्तुळाचं केंद्र ओरिजिनवर ठेवा, व्यास द्या, पॅड करून उंची द्या, मग डी आकाराचं स्केच काढून पॉकेट करा, म्हणजे तेवढा भाग कोरला जातो. स्केच काढताना रेघा अंदाजाने ओढल्या तरी चालतं, नंतर त्यांना कन्स्ट्रेंट लावायचे : ही आडवी, या दोन समान, हे अंतर इतकं. सगळं पक्कं झालं की फ्रीकॅडमधे स्केच हिरवं होतं, फ्यूजन आणि ऑनशेपमधे निळ्याचं काळं होतं. रंग बदलेपर्यंत पुढे जायचं नाही, हा एक नियम पाळलात तरी निम्मे त्रास वाचतील.

न बसण्याचं कारण बहुतेकदा डिझाइनमधे नसून प्लास्टिकमधे असतं. प्रिंटरवर भोक मापापेक्षा थोडं लहानच येतं, त्यामुळे ६ च्या शाफ्टला ६ चं भोक दिलं तर जाणार नाही, ६.२ किंवा ६.३ द्या. किती ते तुमच्या प्रिंटरवर आणि फिलामेंटवर, म्हणजे त्यात घालायच्या प्लास्टिकच्या तारेवर आहे, म्हणून अख्खा नॉब न छापता ५ मिमी उंचीचा नुसता भोकाचा तुकडा छापून शाफ्टवर घालून बघा. आणि ही वाढवलेली जागा, म्हणजे क्लिअरन्स, प्रत्येक मापात हाताने मिळवू नका, तिला नाव द्या. फ्रीकॅडच्या स्प्रेडशीटमधे एका सेलला 'फिट' असं नाव देऊन व्यासाच्या जागी ६ अधिक फिट लिहायचं, की एका जागी आकडा बदलला तर सगळीकडे बदलतो. पॅरामेट्रिक का शिकायचं ते इथे कळतं. बाकी पीएलए हे प्रिंटिंगचं नेहमीचं प्लास्टिक ६० अंशाच्या आसपास मऊ पडतं, उन्हातल्या गाडीत ठेवायची वस्तू त्यात छापू नका, जास्त उष्णता सोसणारं पीईटीजी घ्या.

प्रश्न : नेटवरून घेतलेल्या एसटीएल फायलीतलं भोक २ मिमीने मोठं करायचंय, होत नाहीये. ब्लेंडर शिकू का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : एसटीएलमधे भोक नसतंच, नुसते त्रिकोण असतात, म्हणून सॉफ्टवेअरला भोक सापडत नाही. ब्लेंडर गणपतीची मूर्ती, चेहरे, झाडं असल्या आकारांसाठी उत्तम आहे, मापाच्या पार्टला कॅडच हवं. आधी ज्याने फाइल टाकलीय त्याने स्टेपही दिलीय का बघा, असेल तर काम पाच मिनिटांचं. नसेल तर एसटीएल टिंकरकॅडमधे घ्या, भोकावर हव्या त्या व्यासाचा सिलिंडर 'होल' करून ठेवा आणि ग्रुप करा. भोक वाकडंतिकडं किंवा पायरीचं असेल तर मापं घेऊन पार्ट नव्याने काढलेला बरा, त्रिकोण दुरुस्त करत बसण्यापेक्षा त्याला कमी वेळ लागतो.